हलणाऱ्या मशीनजवळचा चहा

लोक रिटायर झाले की एक तर देवाला लागतात, नाही तर औषधाला. आमच्या ह्यांनी नोकरी शिल्लक असतानाच राजीनामा दिला आणि एक जुनी ट्रॅव्हलर विकत घेतली. यवतमाळात आमच्या गल्लीला पुढचा महिनाभर दुसरा विषय नव्हता. सीटा काढून आत पलंग बसवला, शेगडी आली, पाण्याची टाकी आली आणि मागच्या दाराशी चक्क वॉशिंग मशीन.

"फिरायले जाऊन राह्यलो का लाँड्री काढून राह्यलो?" मी विचारलं.

हे नुसते हसले. जन्मभर कचेरीत रोज धुतलेला पांढरा शर्ट घालून गेलेला माणूस, तो मळक्या शर्टात गाव कसा फिरणार? आणि माझे गुडघे दगडावर धुणं धुण्यातले राहिले नव्हते. म्हणून मी फार ताणलं नाही.

मशीन बसवायला आलेला माणूस मागच्या बाजूचे चार लांब बोल्ट काढायला लागला, तेव्हा ह्यांनी त्याला थांबवलं. दुकानातून घरी आणताना आतला ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात. "आमचं मशीन तर कायमच प्रवासात राहीन. मंग काढता कायले?" हे म्हणाले. तो काहीतरी समजावत होता, पण ह्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मलाही ह्यांचं म्हणणं पटलं. प्रवासाचे बोल्ट, प्रवासाची गाडी. हिशेब बरोबर होता.

पहिला मुक्काम कळंबला केला. चिंतामणीचं दर्शन घेतलं, ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावली, त्यांच्या घरातून वायर ओढली आणि मशीन सुरू केलं. धुणं निमूट झालं. पण कपडे पिळायला लागल्याबरोबर अख्खी गाडी गदगदा हलायला लागली. झारा खाली पडला, डबे नाचायला लागले, पलंग भिंतीवर आपटायला लागला. अंगणातली बाई धावत बाहेर आली. ह्यांनी मात्र अगदी शांतपणे विचारलं, "चहा ठेवतेस का?"

मग पुढचे कितीतरी दिवस मी त्या मशीनच्या मागे लागले. खाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं, गोणपाटाच्या घड्या घातल्या, चाकांखाली विटा लावून गाडी सपाट केली. कपडे कमी टाकून पाहिले, जास्त टाकून पाहिले. हलणं काही थांबेना. घरातला पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांचा रेडिओ, काहीही बिघडलं की पाना घेऊन बसणारा हा माणूस इथे हातही लावत नव्हता. "पाहू," एवढंच म्हणायचे. मला त्याचा राग यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायची.

चहा मात्र ह्यांना नेमका तेव्हाच लागायचा. एरवी चहा नको म्हणायचे, नाही तर स्टीलच्या पेल्यात अर्धाच घ्यायचे. मशीन हादरायला लागलं की कपबशी मागायचे. मशीनला टेकून उभे राहायचे, एक हात त्याच्यावर ठेवायचे, दुसऱ्या हातात कपबशी. खडखड वाजायची ती, चहा बशीत सांडायचा. मी म्हणायची, "थांबू द्या ना त्याले, मंग प्या." ह्यांना धीर नसायचा.

घाटंजीजवळ माझ्या बहिणीच्या शेतावर आम्ही थांबलो होतो. तुरी फुलावर होत्या. बहीण गाडीकडे पाहून म्हणाली, "ताई, हे गाडी काहून अशी थरथरून राह्यली वं? भूतबित असन, झाडून-बिडून घे कोनाकडून." मला भारी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी हे तुरीत फेरफटका मारायला गेले, तेव्हा आम्ही दोघींनी मशीन ओढून पुढे घेतलं. मागे ते चार बोल्ट दिसले. ड्रमला आवळून धरायचं आणि वरून त्याला गरगर फिरवायचं, मग तो अंग झाडणार नाही तर काय करणार? गाडीतलाच पाना घेतला आणि चारही काढले.

हे परत आले तेव्हा मशीन चालू होतं. मी काही सांगितलं नाही. मला गंमत करायची होती. मशीन पिळायला लागलं, नुसता घुंईं असा आवाज, डबे जागच्या जागी. मी कपबशी ह्यांच्या हातात दिली आणि तोंडाकडे पाहत राहिले.

कपबशी वाजायला लागली.

मला वाटलं, अजून हलतंय वाटतं. मी मशीनवर हात ठेवला. ते शांत होतं. पलंग शांत होता, खिडकीची काच शांत होती. वाजत होती ती फक्त ह्यांच्या हातातली कपबशी. ह्यांनी ती खाली ठेवायचा प्रयत्न केला, तर चहा त्या पांढऱ्या शर्टावर सांडला.

बहीण बाहेर निघून गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गाडी घ्यायच्या आधीपासून. नागपूरले एकटाच जाऊन दाखवून आलतो. कंपवात म्हणते डॉक्टर." मग म्हणाले, "हात चालून राह्यले तोवर तुले फिरवून आणावं म्हटलं."

"आन् बोल्ट?"

"मले माहीत होतं ते."

मी खूप रडले. ह्यांच्यासमोरच रडले, पदरही लावला नाही तोंडाला. ह्यांनी त्याच दिवशी गाडीची चावी माझ्या हातात दिली. मला गाडी चालवता येत नाही. बहिणीने गावातला ड्रायव्हर पाहून दिला, त्याने आम्हाला यवतमाळला आणून सोडलं.

ट्रॅव्हलर आता अंगणात उभी असते. तिच्या चाकांभोवती गवत वाढलंय. ह्यांच्या शर्टाच्या गुंड्या मी लावते, जेवताना चमचा लागतो, बोलणंही कमी झालंय. धुण्याच्या दिवशी मात्र आम्ही दोघं गाडीत जाऊन बसतो. आधी मी एकटीच जाते आणि पान्याने चारही बोल्ट पुन्हा बसवून आवळून ठेवते. मशीन लवकर मोडेल, मला ठाऊक आहे. मग ह्यांना हात धरून चढवते आणि दोन कपबश्या भरते. मशीन पिळायला लागतं, गाडी गदगदा हलते, आणि दोघांच्याही कपबश्या वाजतात.