जीपच्या पोटाखालचा लाल रंग

आमच्या जीपला पन्नासच्या पुढे गेलं की हुडहुडी भरायची. आधी सीट थरथरायची, मग पायाखालचा पत्रा, मग मागच्या फुलांच्या पाट्या, आणि शेवटी शेजारी बसलेल्या माझ्या सासऱ्यांची कंबर. चाळिसावर आणली की पुन्हा शहाण्यासारखी गप्प.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मखमलाबादला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. सगळा माल सकाळी नाशिकच्या बाजारात न्यायचा. जीप लष्कराच्या लिलावातली, जुनी, चारही चाकं ओढणारी. पावसाळ्यात बांधावरच्या काळ्या चिखलात ट्रॅक्टर रुतून बसायचा आणि ही बया त्याच्या शेजारून निघून जायची. आमचे हे सातपूरला कारखान्यात, पाळीवर. सकाळी गाडी कोण नेणार? म्हणून मी शिकले. माहेरी नांदगावला मी सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण त्या जीपचं स्टिअरिंग हातात आलं आणि मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

सासऱ्यांना हे दादा म्हणायचे, मी मामा म्हणायची. मामा रोज माझ्या शेजारी बसून बाजारात यायचे. तिथं कुणी विचारलं, "गाडी कोण चालवतं हो तुमची?" की मामा शांतपणे सांगायचे, "पोरगं चालवतं." आणि मी तिथंच, स्टिअरिंगमागे बसलेली! असा संताप यायचा की बस. पण मामांना उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, म्हणून मी तो राग गिअरवर काढायची.

मामांचा एक नेम होता. खंडेनवमीच्या आधी मळ्यातल्या झाडून सगळ्या लोखंडाला लाल तेलरंग द्यायचा. पंप, फवारणीचं यंत्र, नांगर, कोयते, विळे, सगळं लालभडक. जीपचंही तेच. मामा कांबळं अंथरून तिच्याखाली शिरायचे आणि हाताला लागेल ते सोडवून, पुसून, रंगवून पुन्हा बसवायचे. "वरून तर कुनीबी पुसतं. देव पोटाखाली बी बघतो," म्हणायचे.

गेल्या दसऱ्यानंतर ही हुडहुडी सुरू झाली होती. गॅरेजवाल्यानं चाकं बॅलन्स केली, इंजिनाखालची रबरं बदलली आणि शेवटी हात झटकले. "जुनी गाडी आहे वहिनी, एवढं चालायचंच." मामांची कंबर मात्र चालत नव्हती. मग एक दिवस जेवताना त्यांनी जाहीर केलं की दसरा झाला की जीप द्यायची. नामपूरच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं ती बघून ठेवली होती. त्याऐवजी टेम्पो घ्यायचा आणि त्यावर ड्रायव्हर ठेवायचा.

"मंग तुला बी रोज पहाटं उठाया नको, पोरी," मामा म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले, म्हणून तर जास्त लागलं. मला उठायचं होतं! घराबाहेरचा, माझ्या हातातला तेवढाच एक तास होता, आणि तो टेम्पोच्या ड्रायव्हरला जाणार होता. त्या रात्री मी ह्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. उलट तेच म्हणाले, "आमच्याकडं मशीन हादरायला लागलं की आम्ही एकेक भाग काढून ठेवतो आणि मशीन चालवून बघतो. तसं करू या?" जीपला गिअरबॉक्सपासून एक लांब फिरता शाफ्ट मागच्या चाकांना जातो आणि दुसरा पुढच्या. एक काढून ठेवायचा, दुसऱ्यावर गाडी चालवायची. जो काढल्यावर थरथर थांबेल तो चोर.

सुटीच्या दिवशी ह्यांनी आधी पुढचा शाफ्ट काढला. मी गिरणारेच्या रस्त्याला गाडी काढली. पन्नास झाले आणि हुडहुडी जशीच्या तशी. परत येऊन तो बसवला आणि मागचा काढून ओट्यावर ठेवला. आता फोर-व्हीलचा दांडा टाकला तरच गाडी हलणार, तीही नुसत्या पुढच्या चाकांवर. हे मागे पत्र्यावर तळवा टेकवून बसले, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे.

पंचेचाळीस. पन्नास. काहीच नाही.

"अगं, जरा वेग वाढव की! किती घाबरतेस?"

"साठवर आहे मी!" मी ओरडले. बाई गं, काय आनंद झाला! द्राक्षाच्या बागा दोन्ही बाजूंनी पळत होत्या आणि जीप लोण्यासारखी चालली होती.

त्या आनंदातच घोटाळा झाला. मळ्यातल्या चढावर गाडी थांबवली, सवयीनं फोर-व्हीलचा दांडा काढला, हँडब्रेक ओढला आणि मामांना सांगायला उडी मारून पळाले. आमच्या जीपचा हँडब्रेक चाकांना नव्हता, तो मागच्या शाफ्टलाच धरायचा. आणि शाफ्ट तर ओट्यावर झोपलेला. गाडीला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. जीप हळूच मागं निघाली, मागे बसलेल्या ह्यांना घेऊन.

"अगं ए! अगं थांबव हिला!"

थांबवते कसली! जीप दिमाखात झेंडूच्या वाफ्यात शिरली आणि दसऱ्यासाठी राखलेल्या फुलांत जाऊन बसली. मामा विहिरीजवळ उभे होते. वाफ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे नाही बघितलं.

"उद्याच बोलावतो त्या नामपूरवाल्याला," एवढंच म्हणाले आणि निरोप धाडायला निघून गेले.

मला रडू फुटलं. हे कपड्यांवरचा झेंडू झटकत ओट्यावर बसले आणि शाफ्ट मांडीवर घेऊन फिरवून बघायला लागले. शाफ्टचे दोन तुकडे असतात, एकात एक सरकणारे. "ह्यावर खूण असते," हे म्हणाले. खूण कुठली दिसायला! दसऱ्या-दसऱ्याचे रंगाचे थर. मी डोळे पुसले, विळी आणली आणि खरवडायला बसले. एका तुकड्यावर छोटासा बाण निघाला. दुसऱ्यावरही निघाला, पण भलतीकडेच तोंड करून. दोन्ही बाण समोरासमोर हवेत, नाहीतर शाफ्ट फिरताना हादरतो. मामांनी रंगवायला तुकडे वेगळे केले होते, आणि बसवताना रंगाखाली गेलेल्या खुणा त्यांना दिसल्याच नव्हत्या.

"दादांना सांगू नकोस हं," हे कुजबुजले. "त्यांच्या जिवाला लागेल."

आम्ही बाण जुळवून शाफ्ट बसवला. दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे शेजारी बसले, पंच्याची घडी कंबरेमागे घालून. पेठ रोडला लागल्यावर मी वेग वाढवला. पन्नास. पंचावन्न. मामांनी पत्र्यावर हात ठेवला. मग कंबरेमागची घडी काढली.

"काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "तुमचा रंग, मामा. रंगाखाली खुणा गेल्या होत्या."

मामांनी पंचा खांद्यावर टाकला आणि तोंड बाहेर फिरवलं. फुलं उतरवली, परत आलो. मला वाटलं, संपलं सगळं. घरी आल्यावर ते कांबळं घेऊन जीपखाली शिरले.

दुपारी नामपूरचा व्यापारी दारात आला. "काय हो, गाडी तयार शे ना?" म्हणत इकडेतिकडे बघायला लागला. मामांचे नुसते पाय दिसत होते. मी वाकून पाहिलं. हातात पांढऱ्या रंगाची वाटी घेऊन, जीभ दातात धरून, मामा ते दोन बाण रंगवत होते.

"गाडीचं मला काय इचारता?" जीपखालून आवाज आला.

व्यापाऱ्यानं पाळीवर निघालेल्या ह्यांच्याकडे बघितलं.

"त्याला बी नका इचारू. गाडी सुनेची हाय, तीच चालवती," मामा म्हणाले. "तिला इचारा, द्यायची का."

"नाही द्यायची," मी म्हणाले, आणि मग व्यापाऱ्यासाठी चहा टाकायला आत गेले.