बत्तीस नंबरची जर्सी

माझी आत्या दिवसभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढायची आणि घरी येऊन डाग जपायची. यात काही विचित्र आहे असं तिला कधी वाटलं नाही. कोणी लक्षात आणून दिलंच, तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एकतीस वर्षं ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात होती. जवळच सिनेमाचा स्टुडिओ होता. शूटिंग संपलं की कपडेपटातली माणसं गठ्ठे आणून टाकायची आणि निम्मे गठ्ठे न्यायला पुन्हा फिरकायची नाहीत. वर्षभर वाट पाहून मालक म्हणायचा, ज्याला जे हवं ते उचला. बाकीच्यांनी कोट उचलले, गाऊन उचलले. आत्याने एका बॉक्सरचा झगा उचलला, मानेपाशी मेकअपचा पिवळा थर बसलेला. मग अंपायरची टोपी आली, गोलकीपरचे हातमोजे आले, पोहण्याचा एक पोशाख आला ज्याचं इलास्टिक कधीच संपलं होतं. तिला फक्त खेळाच्या जुन्या सिनेमांतलं हवं असायचं. प्रेमाच्या सिनेमात कपडा नुसता इस्त्री करून उभा असतो, खेळाच्या सिनेमात तो राबतो, असं तिचं म्हणणं होतं.

घराची मागची खोली या वस्तूंनी भरली. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी नळ्या, त्यांवर सुती खोळी घातलेले कपडे आणि खोळीला बांधलेलं एकेक कार्ड. कार्डावर तीन ओळी असायच्या: कोणता सिनेमा, कोणता प्रसंग, कोणी घातला. खाली शिक्का. शिक्के दोनच होते, ‘जुळलं’ आणि ‘नाही जुळलं’. सिनेमा थांबवून, भिंग घेऊन ती पडद्यावरचा कपडा आणि हातातला कपडा ताडून पाहायची. शिवणीचे टाके, काजाचे दोरे, डागाची कड, सगळं. एकदा एक डॉक्टर मोठ्या हौसेने घेतलेली सायकलस्वाराची टोपी तिच्याकडे घेऊन आले. आत्याने दहा मिनिटांत शिक्का मारला. त्या गृहस्थांनी जन्मभर लोकांना वाईट बातम्या दिल्या असतील, पण स्वतःवर वेळ आल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. ‘बहुधा’ असा तिसरा शिक्का कर, असं मी सुचवून पाहिलं. ती म्हणाली, डाग निघाला का विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी बहुधा म्हणून सांगू?

या सगळ्यात एक नंबरचं कार्ड तेवढं वेगळं होतं. ते लहान मुलीच्या वळणदार अक्षरात होतं आणि त्यावर शिक्का नव्हता. त्या खोळीत बत्तीस नंबरची जर्सी होती. ती माझ्या बाबांची, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची.

बाबा तरुणपणी लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचे आणि पहिल्या तिघांत यायचे. त्या काळात एका धावपटूवर सिनेमा निघाला. नायक देखणा होता, पण दोनशे पावलं धावला की कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा. म्हणून शेवटच्या शर्यतीसाठी बाबांना त्याचा डुप्लिकेट म्हणून घेतलं. तसेच केस, तशीच जर्सी. त्या शर्यतीत नायकाच्या नाकातून रक्त येतं आणि छातीवरच्या नंबरवर सांडतं, तरी तो थांबत नाही. काम संपल्यावर बाबा ती जर्सी घरी घेऊन आले. आत्या तेव्हा दहा वर्षांची. तिने आपल्या आईला ती धुऊ दिली नाही.

सिनेमा लागला तेव्हा शेवटच्या शर्यतीला ती खुर्चीवर उभी राहिली आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं ओरडली, की ते पाय माझ्या दादाचे आहेत. तेव्हापासून ही गोष्ट आमच्या घरात पक्की झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आत्या ती सांगायची. पुढे मीही शाळेत सांगून भाव खाल्ला. बाबा स्वतः कधी काही बोलत नसत. नुसते हसायचे आणि समोरच्याला त्याच्या तब्येतीबद्दल विचारायचे. आम्ही त्याला विनय समजत होतो.

यंदा चित्रपट संग्रहालयात खेळांच्या सिनेमांचं दालन उघडायचं ठरलं. तिथल्या बाई घरी आल्या, त्यांनी अकरा वस्तू निवडल्या आणि जर्सीपाशी थबकल्या. आत्याने अट घातली, पाटीवर नायकाचं नव्हे, माझ्या भावाचं नाव हवं. बाईंना कल्पना आवडली. उद्घाटनाला बाबांना पुढच्या रांगेत बसवू असंही त्या म्हणाल्या. फक्त शेजारी लावायला सिनेमातलं त्या क्षणाचं चित्र हवं होतं. बाबा आता शहात्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, भिंत धरून चालणारे. ते म्हणाले, कशाला उगाच. आत्याने तोवर त्यांच्या पँटला इस्त्रीसुद्धा केली होती.

चित्र निवडायला आम्ही दोघी दुपारी मागच्या खोलीत बसलो. रिमोट माझ्याकडे, भिंग तिच्याकडे. एवढ्या वर्षांत हा एकच सिनेमा तिने कधी थांबवून पाहिला नव्हता. सख्ख्या भावाची कसली परीक्षा घ्यायची! शर्यत सुरू झाली. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे रक्त काळं. आत्याने थांबायला सांगितलं. मग मागे घ्यायला सांगितलं. मी नऊ वेळा मागे घेतलं. जवळून, लांबून, वळणावर, प्रत्येक चित्रात डाग बत्तीसमधल्या दोनवर होता. मांडीवरच्या जर्सीवर तो तीनवर होता.

मी म्हटलं, छापताना चित्र उलटं झालं असेल. मग आकडेही उलटे दिसले असते, ती म्हणाली. मी म्हटलं, पाठमोरं चित्र देऊ, पाठीवर डागच नाही, कोणाला कळणार आहे? तिला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. तिचा शिक्का लोक डोळे मिटून मानायचे. आणि पुढच्या खोलीत तिचा भाऊ बसला होता, ज्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट म्हणावी अशी ही एकच होती. मला तिची कीव आली.

थोड्या वेळाने जर्सी घेऊन ती बाहेर गेली. बाबा पेपर वाचत होते.

“दादा, सिनेमात डाग दोनवर आहे.”

बाबांनी पेपरची घडी घातली. “हो,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कपडेपटात एक अनुभवी गृहस्थ होते. डाग अंगावर ओघळल्यासारखा दिसावा म्हणून त्यांनी जर्सी स्वतः घातली, आरशाच्या चौकटीत नायकाचा डाग पडलेल्या जर्सीतला फोटो खोचला आणि आरशात बघत बघत रंग सोडला. आरशात अगदी फोटोबरहुकूम दिसत होतं. फक्त ते आरशात होतं, म्हणजे डावं-उजवं उलटं. आकड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. बाबा दिवसभर धावले आणि तीन दिवसांनी ते चित्रण बघताना चूक सापडली. डाग एका चित्रात दोनवर आणि पुढच्यात तीनवर असा उड्या मारायला लागला. मग नायकालाच पन्नास-पन्नास पावलं पळवून शर्यत जोडली आणि बाबांचं सगळं कापलं. जर्सी तुम्हीच ठेवा, एवढंच बाबांना म्हणाले; बाकीचं त्यांना नंतर कळलं.

“तुला माहीत होतं?”

“सिनेमा लागला त्याच दिवशी कळलं. मी स्वतःला शोधत होतो आणि तू खुर्चीवर उभी राहून ओरडलीस. तेव्हा काय सांगणार? म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेलो तर तू आईला सांगत होतीस. मग ते राहूनच गेलं.”

बावन्न वर्षं आत्याने एक खोटी गोष्ट शिक्क्याशिवाय खपवली होती, आणि भावाने ती तिच्यासाठी निमूटपणे वागवली होती. ती रडेल असं मला वाटलं. तिने विचारलं, “किती धावलास?”

“अकरा फेऱ्या.”

“पुऱ्या?”

“पुऱ्या.”

“म्हणजे घाम तुझाच आहे.”

“मग कोणाचा असणार?”

तिने जर्सी बाबांच्या हातात दिली आणि घाल म्हणाली. हातमोज्यांशिवाय त्या जर्सीला हात लावायची आम्हाला कोणालाच परवानगी नव्हती. जर्सी पोटावर अडकली. आत्याने भिंग घेऊन काखेतले घामाचे पांढरे पट्टे पाहिले. बाबांचा उजवा खांदा लहानपणी पडल्यापासून जरा उतरलेला आहे, तिथे जर्सी नीट बसावी म्हणून आतून शिवलेली छोटी चिमटी पाहिली. एखाद्या अनोळखी माणसाचं करावं तसं तिने हे सगळं शांतपणे केलं.

मग नवं कार्ड काढलं. सिनेमाचं नाव लिहिलं. प्रसंगापुढे लिहिलं, ‘कापला’, आणि बाजूला ‘नाही जुळलं’चा शिक्का मारला. तिसऱ्या ओळीत बाबांचं नाव लिहून त्यापुढे ‘जुळलं’ मारला. एका कार्डावर दोन शिक्के त्या घरात त्याआधी कधी पडले नव्हते.

संग्रहालयाच्या बाईंना तिने फोन करून जे होतं ते सांगितलं. बाईंना वाईट वाटलं, पण पडद्यावर न आलेली वस्तू त्यांना ठेवता येत नव्हती. जर्सीच्या जागी पंचाची शिट्टी गेली. उद्घाटनाला बाबा इस्त्रीच्या पँटमध्ये आले, पण तिसऱ्या रांगेत बसले.

पुढच्या आठवड्यात शेजारचे नवे भाडेकरू ओळख करून घ्यायला आले. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. सिनेमातले ते पाय तुमचेच ना, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबा सवयीने हसले आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी करणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, “ते पाय नायकाचे. हा अकरा फेऱ्या धावलाय, त्या कोणी पाहिल्या नाहीत. त्यालाच विचारा.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीत जरा सावरून बसले आणि पहिल्या फेरीपासून सांगू लागले. पाहुण्यांचा चहा पार गार झाला, तेव्हा ते सातव्या फेरीला होते.