टेन्शन न्हाय म्हणणाऱ्यांच्या हिरड्या

दातांच्या दवाखान्यात किस्से का साचतात, याचं माझं उत्तर सोपं आहे. पेशंट अर्धा तास आ करून पडलेला असतो. हत्यारं बाहेर काढली की पोटातलं सगळं एका दमात बोलून टाकतो! मी कोल्हापुरात फक्त हिरड्यांचे आजार बघते. पहिल्याच भेटीत प्रत्येकाला विचारते, "काही टेन्शन?" कारण मन ठिकाणावर नसलं की साफ केलेली हिरडीही लवकर भरत नाही. आजवर एकानंही सरळ "हो" म्हटलेलं नाही. (नावं अर्थातच बदलली आहेत.)

पन्हाळ्याच्या एक शिक्षिका. काळजी वाटली की त्या अभ्यास करतात. मोबाइलवर सगळं वाचून आल्या आणि मलाच शिकवायला लागल्या. ब्रश करायचं वेळापत्रक, दिवसातून सहा वेळा! हिरड्या पार सोलवटलेल्या. मी चिडलेच. "बाई, हिरड्या आहेत या, पितळेची भांडी नव्हेत!"

त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

याउलट आमचे एक व्यापारी अण्णा. चार वेळा जिन्यातूनच परत गेले. "पायरी चढली की दुखायचं थांबतंय बघा!" पाचव्या वेळी माझी मदतनीस शोभामावशी खालच्या पायरीवरच जाऊन बसली. "चला पावणं, तुमच्या मागनं येतो मी."

अण्णा गुपचूप वर आले. खुर्चीतून उठल्यावर म्हणतात, "झालं? एवढंच हुतं व्हय?"

तानाजीरावांची मात्र मला खरंच काळजी होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. समोरचे दोन दात हलत होते. तीन महिन्यांत हिरडी आवळली नाही, तर दोन्ही काढावे लागणार होते.

"काही टेन्शन?"

"छ्या! टेन्शन आपल्या डिक्शनरीतच न्हाय!"

बोलताना जबडा गच्च आवळलेला. दर खेपेला "शिफ्टवरनं थेट आलोय" म्हणत युनिफॉर्ममध्येच यायचे. दोन महिने झाले. ब्रश नीट, औषधं वेळेवर, तरी रक्त थांबेना. दात जाणार असं मी मनातून धरून चालले होते, आणि मला फार वाईट वाटत होतं.

एकदा त्यांच्यासोबत वहिनी आल्या, म्हणून त्यांनाही तपासलं. मिश्री! जळक्या तंबाखूची ती काळी पूड, दिवसातून पाच वेळा दातांना.

"एवढी कधीपासून?"

"चार म्हैनं झालं. जीव घाबरा झाला की बोट आपसूक डबीत जातंय."

"कसलं टेन्शन आहे?"

नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "कसलं न्हाय."

घरच टेन्शनमुक्त!

त्याच आठवड्यात तानाजीराव एकटे आले. शोभामावशी त्यांच्या गळ्याला टॉवेल बांधत होती. कॉलर बघून थांबली.

"पावणं, फाउंड्रीत गुलाल कवापासनं उधळाय लागलं?"

तानाजीराव घाईघाईनं कॉलर झटकायला लागले. मग डोळ्यांतून पाणीच आलं. नोकरी जाऊन चार महिने झाले होते. रोज युनिफॉर्म घालून, डबा घेऊन घरातून निघायचे आणि दिवसभर जोतिबाच्या डोंगरावर, बारमाही गुलाल उधळतात त्या देवळापाशी, बसून राहायचे. घरी सांगायचं धाडस नव्हतं.

"आजच्या आज वहिनींना सांगा," मी म्हटलं. "त्याशिवाय माझं औषध लागू पडायचं नाही!"

महिन्यानं दोघं जोडीनं आले. मी आरसा घालून बघते तर हिरडी गुलाबी, घट्ट. रक्ताचा थेंब नाही. दात जागच्या जागी! मी चक्क टाळी वाजवली. त्यांना दुसऱ्या फाउंड्रीत काम लागलं होतं आणि वहिनींची डबीही सुटली होती. मला एकदम हलकं वाटलं.

"वहिनी, ऐकून धक्का बसला असेल ना?"

"कसला धक्का? मला पैल्या आठवड्यातच कळलंतं. डब्याला गुलाल लागून यायचा की."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी आपणहून सांगावं म्हणून थांबलोतो. तवर डब्यात एक भाकरी जास्त घालत हुतो. डोंगरावर वारं लई असतंय, भूक लागती."