क्लाउसचं घड्याळ

आमच्या क्लबच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, न धुतलेले मग साठतात आणि आमच्या तोंडात क्लाउसचे किस्से. दोन्ही कुणी मुद्दाम साठवत नाही. डब्लिनच्या टॅला उपनगरातला हा बुद्धिबळ क्लब. क्लाउस आमचा पहिल्या बोर्डाचा खेळाडू. जर्मन, पंच्याहत्तरीचा, इंटरनॅशनल मास्टर, आणि तिकडच्या एका दैनिकात तीस वर्षं बुद्धिबळाचं सदर लिहिलेला पत्रकार. आयरिश बायकोसाठी डब्लिनला आला, ती गेल्यावरही राहिला. वयाने माझ्या काकांपेक्षा मोठा, पण इथे सगळेच पहिल्या नावाने, म्हणून मीही 'तो'च म्हणतो. राग मानू नका!

*

पहिल्याच दिवशी मी शेखी मिरवली, "पुण्यात अंडर-फिफ्टीन चॅम्पियन होतो."

"बस," एवढंच म्हणाला. अठरा चालींत माझा खेळ खलास! मग दीड तास चिरफाड. डाव संपला की दोघांनी मिळून तो तपासायचा, ही आमच्यातली रीत.

"हा घोडा इथे का?"

"मला वाटलं, तुम्ही प्यादं माराल..."

"म्हणजे तू विचार नाही केलास. नवस केलास!"

मी मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो. मला असं कुणी सोललं नव्हतं.

*

त्याच्या तरुणपणी डाव अपुरा राहिला तर पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करत. दुसऱ्या दिवशी पंच पाकीट फोडणार आणि तिथून खेळ पुढे. ग्रँडमास्टर व्हायला क्लाउसला अर्धा गुण हवा होता. पाकीट फुटलं, पंचाने कागद वाचला, परत वाचला. क्लाउसने हत्ती जिथे ठेवायला सांगितला होता, तिथे त्याचंच प्यादं उभं! चाल बेकायदा, डाव गेला, किताबही गेला.

त्या स्पर्धेची बातमी देणारा वार्ताहरही तोच. संपादक फोनवर म्हणाला, "अरे, हे गाळून टाक."

क्लाउसने मथळाच सांगितला, "आमच्या वार्ताहराने स्वतःची वाट लावली." त्यानंतर तो ग्रँडमास्टर कधीच झाला नाही.

*

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती. क्लाउसला जेवायला बोलावलं. तो छान बोलला, वरणभात मागून घेतला. तो गेल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "त्यास्नी दिसत न्हाई रं नीट."

"काहीतरीच! चार चाली पुढचं दिसतं त्याला."

"त्ये डोक्यातलं. पाण्याचा पेला चाचपडत व्हते. म्या बघितलं की."

मला त्या रात्री झोप लागली नाही. वर्षभर समोरासमोर बसून मला जे दिसलं नव्हतं, ते आईला एका जेवणात दिसलं.

*

पुढच्याच मॅचला क्लाउसने प्याद्याऐवजी उंट उचलला. हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो. दोन सेकंद तो थांबला आणि उंट चक्क फुकटात देऊन मोकळा झाला! प्रतिस्पर्धी पार चक्रावला. पस्तीस मिनिटं त्या बलिदानामागचा डाव शोधत बसला, घाईत आला आणि हरला.

"पण आयडिया काय होती?" त्याने नंतर विचारलं.

"शोध. सापडेल," क्लाउस म्हणाला.

माझ्या गाडीत बसल्यावर मात्र खरं बोलला. नजरेचा मधला भाग जात चालला होता, कडा तेवढ्या उरल्या होत्या. अंधांसाठी वेगळा बोर्ड घेता येतो, पण त्याला तो नको होता. "कॅप्टनला सांगू नकोस. माझा नियम ठरलाय. ज्या दिवशी घड्याळ दिसणार नाही, त्या दिवशी खेळ बंद."

"मग करणार काय?"

"काही नाही," तो म्हणाला. त्या 'काही नाही'ची मला भीती वाटली.

*

आणि मग ती शेवटची मॅच, बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात. बाकीचे डाव संपले होते. क्लाउस जिंकला तर आम्ही वरच्या गटात राहणार, नाहीतर खाली. त्याच्यासमोर एनिस गावच्या संघातली नोरा, हॉस्पिटलमध्ये नर्स. डाव बरोबरीचा, पण नोराचा वेळ संपत आलेला.

आणि संपला! तिच्या बाजूला शून्य, शून्य, शून्य. आमचा नियम असा की वेळ संपल्याचं फक्त समोरच्या खेळाडूनेच सांगायचं. बघणाऱ्यांनी ब्रही काढायचा नाही. क्लाउसने एक शब्द बोलायचा आणि आम्ही वाचलो.

क्लाउसने घोडा हलवला.

आमचा कॅप्टन डेक्लन स्वतःची बाही चावत होता. नोराने घड्याळ बघितलं, मग क्लाउसकडे, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघितलं. कबूल करायचं बंधन तिच्यावर नव्हतं. ती खेळली. क्लाउस खेळला. ओरडावंसं वाटत होतं, बघ ना रे बाबा, एकदा बघ! अशा अकरा चाली झाल्या आणि बाराव्या चालीला क्लाउसने हार मानून आपला राजा आडवा केला, नोराशी हात मिळवला.

डेक्लनने मला दारात गाठलं. "युअर मॅनला, तुझ्या त्या क्लाउसला, दिसत नाही! तिचा वेळ संपला होता, हे त्याला तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

आम्ही दोघं बसस्टॉपवर उभे राहिलो. वाक्य मी मनात तीनदा जुळवलं होतं. क्लाउसनेच आधी विचारलं, "शेवटी नोराकडे किती वेळ उरला होता?"

"बारा सेकंद," मी म्हणालो.

त्याने कोटाची बटणं लावली.

"हो," म्हणाला. "मलाही बाराच दिसले."