माझ्या लग्नातला गंजांचा आहेर

तेलुगू मुलखात नवं राज्य झालं तेव्हा तिथल्या सीमेवरचं आमचं मराठी गाव जागचं हललं नाही. मग जिल्ह्याचे तुकडे झाले, भीमपूर नवं मंडल, म्हणजे छोटा तालुकाच, झालं, तरी आमची विहीर होती तिथंच. दरखास्त घेऊन कोणत्या हापिसात जायचं, एवढंच बदललं. आणि नवं मंडल म्हणजे नवी निवडणूक, नवी निवडणूक म्हणजे अन्ना!

तेलुगूत थोरल्या भावाला अन्ना म्हणतात. आमच्या पुढाऱ्याला सगळं गाव अन्नाच म्हणायचं. मराठी शाळा टिकवतो, असं ते डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. त्यांचं मराठी मोडकं होतं, पण पाणी अस्सल होतं.

प्रचाराची वर्गणी गोळा करायला त्यांनी बरोबर माणूस हेरला, माझे बाबा. बाबा वांगी-मेथी पिकवायचे आणि गावातच विकायचे. वजन झाल्यावर एक मूठ वर टाकायची त्यांची सवय, त्यामुळे गावाचा त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा. बाबा कापूस विकला गेलेल्या एकेका घरी गेले आणि अन्नांनी शिकवलेलं सांगू लागले, "प्रचाराच्या जेवणासाठी मोठाले गंज, पराती, कढया घेऊन राह्यलो. निवडणूक झाली का सगळी भांडी मारुतीच्या देवळात जमा. मंग कोणाच्या लग्नात भांड्याचं भाडं नको. माही जबान हाय." शाळेसाठी कोणी हात ढिला केला नसता. गंजांसाठी बायांनी तांदळाच्या डब्यात लपवलेले पैसे काढून दिले.

प्रचार झाला, गंजांत भात शिजला, अन्ना निवडून आले. आणि भांडी? अन्नांच्या मेव्हण्यानं त्याच महिन्यात मांडव-भांडी भाड्यानं द्यायचं टेंट हाऊस उघडलं. तिथं ती लख्ख घासून मांडलेली! बाबा विचारायला गेले तर अन्नांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, देवळात पडून काळी पडतील ना. तिकडं फिरून राह्यली, चमकून राह्यली."

काय बाई हा कळवळा!

पण गंमत पाहा, गावानं अन्नांना एक शब्द विचारला नाही. विचारलं ते बाबांना. "काऊन हो, तुमची जबान कुठं गेली?" भाजी घ्यायला आलेली बाई हसत हसत म्हणायची, आणि बाबांची मान खाली. त्यांनी पारावर बसणं सोडलं. मारुतीचं दर्शनही रस्त्यावरूनच घ्यायला लागले, आत जाईनात. मला अन्नांचा राग होताच, पण त्या हसणाऱ्या बायांचा जास्त यायचा.

अशात माझं लग्न ठरलं. जवळपास दुसरं टेंट हाऊस नव्हतं. हळदीच्या दिवशी टेम्पोतून भांडी उतरली आणि मी ओरडलेच, "आपलेच गंज, आपल्याच दारात, भाड्यानं?"

"गप बस वं," आई म्हणाली. "हळद लागली हाय तुले."

टेम्पोवाल्यानं मागितलेली अनामत बाबांनी मोजून दिली. मी हळदीच्या अंगानं आत जाऊन रडले, आणि रडता रडता ठरवलं की हे असं जाऊ द्यायचं नाही. कसं, ते मात्र सुचेना.

ते सुचलं अक्षता पडल्यावर. आमच्याकडे आहेर गुपचूप देत नाहीत, माईकवरून पुकारतात. पुकारायला माझे थोरले मामा. आवाज खणखणीत, पण कानात कोणी सांगेल ते जसंच्या तसं बोलायचे, डोकं मध्ये घालायचे नाहीत. पुढच्या सोफ्यावर माझ्या सासऱ्यांच्या शेजारी अन्ना बसले होते, पांढरेशुभ्र. त्यांना सोडून कुठलं लग्न होतं?

मी मामांना खूण केली. ते वाकले. मी त्यांच्या कानात सांगितलं.

"अन्नांकडून," मामा गरजले, "आपल्या गावाले आहेर! आज पंगतीत असलेले सगळे गंज, पराती, कढया मारुतीच्या देवळाले कायमच्या भेट!"

मागच्या बायांतून पहिली टाळी आली आणि धो धो टाळ्या सुरू झाल्या. नवरा हळूच म्हणाला, "हे काय हाय?" मी म्हटलं, "तुमी टाळ्या वाजवा." बिचाऱ्यानं वाजवल्या. अन्नांचं तोंड असं झालं की सांगता सोय नाही. पण भर मांडवात, पाहुण्यांदेखत, नाही कसं म्हणणार? ते उठले, हात जोडले, आणि सवयीनं त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. सासऱ्यांनी त्यांना हार घातला. आजही ते भाषणात या दानाचा उल्लेख करतात. करोत बापडे.

मी बाबांकडे पाहिलं. ते खांबाला धरून उभे होते.

पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली, आणि बाबा कुठंच दिसेनात. आईनं हाका मारल्या. मामा शोधून आले. मुहूर्त टळतो म्हणून सासरची माणसं घाई करायला लागली. शेवटी मी बाबांच्या पाया न पडताच गाडीत बसले. सगळ्या बाया रडत होत्या. मला रडूच येईना, नुसता राग येत होता. एकुलती एक पोर सासरी निघाली आणि हा माणूस गेला कुठं?

गाडी देवळापाशी आली. दाराशी टेम्पो उभा होता. अन्नांचं मन फिरायच्या आत बाबा भांडी घेऊन आले होते. नवं धोतर खरकट्यानं माखलेलं, फेटा कुठं पडला पत्ता नाही. बाबांना हसलेल्या त्याच बाया ओळीनं उभ्या राहून हातोहात पराती आत देत होत्या, आणि बाबा गाभाऱ्याशेजारच्या खोलीतून ओरडत होते, "हळू, हळू! पोचा येईन!"

मी काच खाली केली. "बाबा!"

ते धावत आले, हात पुसायचंही भान नाही. घाबरून म्हणाले, "निघाली काय वं तू? थांब ना पोरी, एकच गंज राह्यला."

आणि मग मला रडू आलं.