राजीनाम्यावर सांडलेलं तीर्थ

मला ऐकू येत नाही, हे मी देवालासुद्धा दोन वर्षं सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आधी स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. सरकारी नोकरीला चौदा वर्षं झाली होती आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्या, आईचं औषधपाणी, सगळं माझ्या पगारावर चाले. दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देणारीच बहिरी होत चालली आहे, हे कुणाला कळू नये म्हणून मी अंदाजाने उत्तरं द्यायला शिकले. झाकली मूठ सव्वा लाखाची! बोर्डावर कानाच्या यंत्रातून जेमतेम कळेल तेवढ्यावर निभावायचं; एरवी समोरच्याचे ओठ पाहायचे, हसायचं, मान डोलवायची. आई म्हणे, "अगं, मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय?" मी चिडून म्हणे, "दमलेय गं आज."

पण खरी हुरहूर होती ती संध्याकाळची. आमच्या वाडीच्या टोकाला विठ्ठलाचं छोटं देऊळ आहे. लहानपणापासून तिथल्या भजनावर माझा जीव. ऐकू येईनासं झालं तशी मी एकेक रांग पुढे सरकत गेले आणि शेवटी मृदंगाजवळच्या खांबापाशी बसू लागले. लाकडी खांबाला तळवा लावला की थाप हाताला कळे. अभंग मात्र गेला. बुवांचे ओठ हलत, शेजारच्या बायकांचे डोळे भरून येत, आणि मी कोरडीच्या कोरडी. इतकी वर्षं ऐकलं ते जरा जास्त जीव लावून ऐकायला हवं होतं, असं वाटे. वडील हयात असताना म्हणत तो अभंग मी घरी स्टोव्ह पेटवताना आठवू पाही. शब्द सगळे येत, वडिलांचा आवाज येत नसे.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. शहरात गोळीबार झाला त्या आठवड्यात आमच्या बोर्डावर कॉलची झुंबड उडाली. एका माणसाचा आवाज मला पोहोचलाच नाही. मी "बोला, बोला" म्हणत राहिले आणि शेवटी लाइन तोडली. दुपारी सुपरवायझर बाईंनी मला बाजूला घेतलं आणि कानाशी तोंड आणून सांगितलं, की तो इस्पितळातून बोलत होता. भावाला गोळी लागली होती आणि त्याला गावी आईला कळवायचं होतं. नंतर दुसऱ्या मुलीने त्याचा कॉल लावून दिला. बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. लोकांनी बहिरी ठरवून घालवण्याआधी आपणच मानाने निघावं, असा माझा ताठा. सरकारपुढे पदर पसरायचा नाही, ही आमच्या घरची शिकवण. पुढे आईचं कसं होणार, हा विचार आला की मी तो मागे लोटत होते.

आमच्या वाडीत महत्त्वाचा कागद, मग तो नोकरीचा अर्ज असो की लग्नाची पत्रिका, आधी विठ्ठलाच्या पायाशी ठेवून, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावूनच बाहेर जातो. मीही संध्याकाळी राजीनामा पुजाऱ्यांच्या हाती दिला. त्यांनी तो पायाशी ठेवला, आणि कुणाला तरी तीर्थ देताना त्यांच्या हातातलं भांडं कलंडलं. शाई ओघळली. पुजारी ओशाळून हात जोडू लागले. मला रडूच कोसळलं. जाण्याचा कागदसुद्धा देव घेत नाही, असं झालं मला.

खांबाजवळ एक म्हातारे गृहस्थ उभे होते. धोतर, लांब कोट, काळी टोपी. या देवळात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद अलगद उचलून कोरड्या फरशीवर पसरला, वाचला आणि मला काहीतरी विचारलं. मी सवयीने हसून मान डोलावली. त्यांनी पुन्हा काही विचारलं, मी पुन्हा मान डोलावली. मग ते माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. त्यांनी खिशातून सभेचं एक हँडबिल काढलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं, "मी विचारलं, कागद तुमचा का? तुम्ही हो म्हणालात. मग विचारलं, फाडून टाकू का? त्यालाही तुम्ही हो म्हणालात."

मी रडता रडता हसले. ते पुढे लिहीत राहिले. "बाई, राजीनामा देऊ नका. त्याने मागची चौदा वर्षं पुसली जातील. नोकरीत असतानाच साहेबांमार्फत अर्ज करा, की शरीर या कामाला असमर्थ झालं आहे, मला डॉक्टरांच्या मंडळापुढे पाठवावं. मंडळाने दाखला दिला की अशक्ततेचं पेन्शन मिळतं. दुखणं स्वतःच्या व्यसनापायी आलेलं नाही, हेही दाखल्यात हवं. मी जन्मभर असलेच अर्ज तपासले. हा हक्क आहे, उपकार नव्हे." हँडबिल माझ्या हातात देऊन त्यांनी विठ्ठलाला नमस्कार केला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी कडकडीत हरताळ होता, ऑफिसं बंद. दिवसभर मी नव्या अर्जापुढे बसून होते. 'मला ऐकू येत नाही' एवढं लिहायला दुपार झाली. आईला तो वाचायला दिला, तेव्हा तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सावकाश म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. तू सांगशील म्हणून थांबले होते."

काही आठवड्यांनी मंडळापुढे बोलावणं आलं. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि डॉक्टर मागे उभे राहिले. ते बोलणार, हे मला माहीत होतं. त्या क्षणी पेन्शन, अर्ज, सगळं विसरायला झालं. विठ्ठला, एक शब्द ऐकू दे, एकच, एवढंच मागत होते मी. काहीच आलं नाही. आधी नाव विचारतात, हा अंदाज होता. नाव ओठांवर तयार होतं. दोन वर्षांची सवय! ते सांगितलं असतं तर मी पुन्हा बोर्डावर जाऊन बसले असते, पुन्हा कुणाच्या तरी भावाची लाइन तोडायला. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही." मोठ्याने, पहिल्यांदा. माझा आवाज मला ऐकू आला नाही, छातीत मात्र जाणवला.

दाखला मिळाला, पेन्शन मंजूर झालं. आई शेवटपर्यंत त्याच दोन खोल्यांत राहिली. त्या गृहस्थांना मी पुष्कळ शोधलं. पुजारी म्हणाले, कुणाकडे तरी पाहुणे आले असतील. ते कोण होते, यावर मी वाद घालत नाही. देवाला पेन्शनचे नियम इतके पाठ असतील असं मला वाटत नाही, पण पाठ असलेला माणूस नेमका त्या संध्याकाळी धाडायचं त्याला सुचलं, एवढं मात्र मी मानते. देवापुढे शहाणपणाने मान डोलवणं मी सोडून दिलं आहे. नाही कळलं तर नाही कळलं म्हणते. ऐकण्याची ओढ तेवढी अजून गेलेली नाही. अभंगाची तर आहेच, पण त्याहून जास्त एका गोष्टीची चुटपुट आहे. ज्या आवाजाने मला दोनदा प्रश्न विचारले, तो कसा होता, हे मला कधीच कळणार नाही.