मागं ढकललेली झील

सोनिया कवठे महांकाळच्या एका संगणक वर्गात टायपिंग शिकवते आणि उरलेल्या वेळात चुलत्यांची, म्हणजे आप्पासोंची, धनगरी ओवी जुन्या लॅपटॉपवर जुळवते. लॅपटॉपवर लिनक्स, आवाजासाठी ऑडॅसिटी. दोन्ही कुणीही फुकट घ्यावं, उघडून आत बघावं, अशी. ओवीतल्या साथीला झील म्हणतात. गाणाऱ्याची ओळ संपायच्या आतच झीलकऱ्यांनी ती झेलायची असते. त्याचा श्वास सुटायला लागला की यांचा सुरू. सोनियानं ते तसंच ठेवलं होतं.

जत्रा कमिटीच्या दादासोनं तिच्याकडून ते रेकॉर्डिंग नेलं आणि न विचारता सांगलीच्या एका स्टुडिओतून ‘नीट’ करून आणलं. बिरोबाच्या देवळासमोर कर्णा बांधून त्यानं ते वाजवलं. ओळ संपायची, मग भोक पडायचं, मग झील यायची. खाली एकसुरी ठोका. सोनियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आप्पासो झीलकऱ्यांबरोबर देवळाच्या कट्ट्यावर बसून ऐकत होते. “आमी काय एकमेकांवर रुसलोय व्हय रं?”

“आवं आप्पा, आवाज एकात एक घुसत हुतं. स्टुडिओवाला म्हनला, चूक हाय.”

“आनि तुमी ऐकलं?” सोनिया म्हणाली.

“तुझं सॉफ्टवेअर फुकटचं, बाई. त्याच्याकडं लय महागातलं हाय.”

“चोरीचं हाय. मागं त्याच्याकडं गेले हुते, तवा तुलापन टाकून देतो, असं त्यानंच सांगितलं हुतं मला.”

दादासो हसला. त्या हसण्यानं ती जास्त भडकली. चोरून आणलेल्याला मान, आणि जगानं उघड्या हातानं दिलेलं ते फुकटचं! मेंढरांमागं रानोमाळ हिंडताना माणसांनी एकमेकांचा श्वास ओळखायला शिकावं, आणि ती ओळख कुणीतरी खुर्चीत बसून माउसनं सरळ करावी.

“हेच वाजणार असंल तर जत्रंतल्या गाण्यातनं आमचं नाव काढ,” आप्पासो म्हणाले.

“फ्लेक्स छापून झालाय, आप्पा.”

“मग गाऊ दे फ्लेक्सला.”

कट्ट्यावरचे झीलकरी उठून चपला शोधू लागले. दादासोनं त्यांच्याकडं पाहिलं, कर्ण्याकडं पाहिलं, आणि सोनियापुढं हात केला. “दे तुझ्या रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह.”

तिनं पेन ड्राइव्हभोवतीची मूठ उघडली नाही.

“आदी ते स्टुडिओतलं पुसा. माझ्यासमोर.”